खंभातच्या आखातातले 'बुडालेले शहर': एका दाव्याची तपासणी

19 मे 2001 रोजी केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी पत्रकारांना सांगितले की, गुजरातजवळ खंभातच्या आखातात समुद्रतळाशी एका प्राचीन वस्तीचे अवशेष सापडले आहेत. मनुष्यबळ विकास आणि महासागर विकास ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, तिथे नेहमीची सागरी पाहणी करत होती. किनाऱ्यापासून सुमारे 20 किलोमीटरवर, 30 ते 40 मीटर खोलीवर, ध्वनीच्या साहाय्याने तळाचे चित्र काढणाऱ्या तिच्या सोनार यंत्रावर चौकोनी, काटकोनी आकृत्या उमटल्या. त्या जुन्या नदीपात्रालगत सुमारे 9 किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या होत्या. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाची आणि हडप्पा संस्कृतीतल्या बालेकिल्ल्यांची आठवण करून देणाऱ्या रचना म्हणून त्यांचे वर्णन झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तळ खरवडून वस्तू वर काढल्या गेल्या आणि जानेवारी 2002 मध्ये त्यांतल्या लाकडाच्या एका तुकड्यावरून वस्तीचे वय 'साडेनऊ हजार वर्षे' जाहीर झाले.

हे खरे असते तर दक्षिण आशियाचा इतिहास पुन्हा मांडावा लागला असता. नागरी हडप्पा संस्कृतीचा काळ साधारण इ.स.पू. 2600 ते 1900 आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला इ.स.पू. 7000 च्या आसपास शेतीची सुरुवात दिसते, पण तिथे आहेत ती मातीच्या कच्च्या विटांची छोटी घरे. सुरुवातीच्या थरांत मातीची भांडीसुद्धा नाहीत. त्याच सुमारास शेजारच्या आखातात नऊ किलोमीटरचे आखीव शहर असल्याचा हा दावा होता.

दावा विचित्र आहे एवढ्यावरून तो फेटाळायचा नसतो. समुद्राच्या पातळीचा हिशेब तर त्याच्या बाजूनेच जातो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होता. 10,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास तो ढोबळमानाने आजच्या 30 ते 40 मीटर खोलीच्या रेषेपर्यंत चढला होता. म्हणजे ज्या तळावर सोनार फिरला, तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती, झाडे होती, नदी वाहत होती. गुजरातेत मध्याश्मयुगीन माणसाचा वावर होता, हे लांघणजसारख्या स्थळांमुळे माहीत आहेच. या जमिनीवर शिकारी-मासेमार टोळ्यांचे मुक्काम पडले असणे अगदी शक्य आहे. प्रश्न आहे तो मुक्कामापासून शहरापर्यंत मारलेल्या उडीचा आणि त्या उडीखाली कोणता पुरावा होता याचा.

पुराव्याकडे वळण्याआधी आखाताचा स्वभाव पाहिला पाहिजे, कारण पुढची निम्मी गडबड त्यातूनच झाली. नरसाळ्यासारखे अरुंद होत जाणारे हे आखात भारतात सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीसाठी प्रसिद्ध आहे. भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढे पाणी सहा-सहा तासांनी आत-बाहेर करते, तेव्हा प्रवाहाचा वेग सेकंदाला 3 मीटरपर्यंत जातो. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या चारही नद्या इथेच गाळ ओततात. त्यामुळे पाणी चहाच्या रंगाचे असते आणि खाली हातभर अंतरावरचेही दिसत नाही. प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे गेला की साध्या साधनांनी बुडी मारणारा एका जागी टिकत नाही. साध्या हवेवर 40 मीटर खोलीला वर येताना थांबे न घेता जेमतेम 10 मिनिटे मिळतात. तेव्हा कामाची वेळ उरते ती भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात. त्या वेळीही काम हाताने चाचपडतच करावे लागते. 'कोणी खाली जाऊन का पाहिले नाही' हा प्रश्न म्हणून थोडा अन्यायाचा आहे. जे डोळ्यांनी पाहता येत नाही, त्याबद्दल कोणत्या पुराव्यावर बोलायचे, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

सोनारवर काय दिसते

साइड-स्कॅन सोनारमध्ये जहाजामागे ओढलेला 'मासा' दोन्ही बाजूंना ध्वनीचे पातळ पंखे फेकतो आणि परत आलेला आवाज ओळीमागून ओळ नोंदवतो. तयार होणारे चित्र छायाचित्रासारखे दिसते, पण ते छायाचित्र नसते. त्याची आडवी बाजू आवाजाला परत यायला लागलेल्या वेळेची असते आणि उभी बाजू जहाजाच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंचे प्रमाण वेगवेगळ्या गोष्टींवर अवलंबून असल्यामुळे चित्र सहज ताणले किंवा दाबले जाते.

आकड्यांत पाहू. प्रत्येक बाजूला 100 मीटरपर्यंत ऐकायचे तर आवाज 200 मीटर जाऊन-येऊन करतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर आहे, म्हणजे एका सेकंदात जास्तीत जास्त साडेसात ओळी मिळतात. जहाज प्रवाहाबरोबर सेकंदाला 4 मीटरने सरकत असेल तर दोन ओळींत अर्ध्या मीटरहून थोडे जास्त अंतर पडते. ध्वनीचा पंखा एक अंश रुंद असेल तर 100 मीटरवर तो पावणेदोन मीटर रुंद होतो. प्रवासाच्या रेषेला आडवी गेलेली अर्धा-पाऊण मीटर जाडीची भिंत एवढ्या अंतरावर तिच्या खऱ्या जाडीत उमटतच नाही. तरीही तिथे अशा रेखीव 'भिंती' दिसत असतील तर त्या कितीतरी जाड असल्या पाहिजेत, नाहीतर त्या भिंती नसल्या पाहिजेत. जहाजाचा जमिनीवरचा वेग यंत्राला चुकीचा दिला गेला, समजा प्रवाहामुळे तो दुप्पट झाला आणि यंत्र जुन्याच वेगावर चित्र छापत राहिले, तर प्रवासाच्या दिशेने सगळे निम्मे दाबले जाते. मग गोल खड्डा लंबगोल होतो आणि तिरकस रेषा काटकोनाच्या जवळ किंवा लांब सरकतात.

याहून फसवे असतात यंत्राने स्वतः तयार केलेले आकार. जहाज लाटेवर डोलले की प्रवासाच्या रेषेला काटकोनात पट्टे उमटतात. दुसऱ्या यंत्राच्या ध्वनीची गळती किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून उलटून आलेला आवाज प्रवासाच्या रेषेला समांतर रेघा काढतो. या दोन्हींचा छेद झाला की सुबक चौकटी मिळतात. त्यामुळे पहिली चाचणी नेहमी एकच असते: तोच पट्टा आधीच्या मार्गाला काटकोनात पुन्हा फिरून पाहायचा. खरी वस्तू उत्तर-दक्षिण असेल तर ती दोन्ही चित्रांत उत्तर-दक्षिणच राहते. यंत्राचा आकार मात्र जहाजाबरोबर वळतो. अनेक टीकाकारांनी, विशेषतः भूवैज्ञानिकांनी, खंभातच्या प्रसिद्ध झालेल्या चित्रांवर याच कारणाने बोट ठेवले.

आकार खरे आहेत असे धरले तरी उंची तपासावी लागते. तिचा हिशेब सोपा आहे. सावलीची लांबी गुणिले माशाची तळापासूनची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर. मासा तळापासून 10 मीटर वर, सावलीचे टोक 80 मीटरवर आणि सावली 16 मीटर लांब असेल तर वस्तू 2 मीटर उंच आहे. वेगवेगळ्या दिशांनी फिरूनही चौकटीच्या बाजूंना अशी सावली मिळाली नाही तर ती उभी रचना नव्हे. तो तळाच्या पोतातला फरक आहे. कुठे वाळू, कुठे चिखल, कुठे उघडा खडक, एवढाच.

आणि काटकोन निसर्गालाही येतात. आखाताच्या भोवती दख्खनचा बेसॉल्ट आहे. तो थंड होताना तडकतो आणि भेगा ठरावीक कोनांत पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बहुकोनी खांब पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. नर्मदा-तापी पट्ट्यात बेसॉल्टमध्ये घुसलेल्या उभ्या डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या शिलारसाच्या भिंती, मैलोन्मैल सरळ धावतात. भोवतालचा मऊ खडक झिजला की त्या बांधलेल्या भिंतीसारख्या उभ्या राहतात. तळावरच्या वाळूच्या लाटा तर इतक्या जोरदार प्रवाहात समांतर ओळींतच रचल्या जातात.

ड्रेजने आणलेले सामान

तळावरच्या वस्तू मिळवण्यासाठी ड्रेज वापरला गेला. लोखंडी तोंडाची जाळी किंवा पेटी तळावरून ओढायची आणि जे अडकेल ते वर घ्यायचे. भूवैज्ञानिकाला खडकाचा प्रकार कळण्यासाठी हे पुरते. पुरातत्त्वात ते जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण वस्तू ज्या थरात आणि ज्या शेजाराने पडलेली असते, ती माहिती पहिल्याच ओढीत नष्ट होते. शंभर-दोनशे मीटरच्या ओढीत वरचा कालचा गाळ आणि खालचा हजारो वर्षांपूर्वीचा गाळ एकाच ढिगात येतो. खापर वरच्या थरातले आणि लाकूड खालच्या थरातले असू शकते. ढिगात ते शेजारी-शेजारी पडतात आणि अहवालात एकाच वस्तीचे होऊन जातात.

वर आलेल्या सामानात खापराचे तुकडे, दगडी हत्यारे, मणी, कुडाच्या भिंतीचा लिंपा आणि हाडे असल्याचे सांगितले गेले. यांतली प्रत्येक गोष्ट तपासण्याची रीत ठरलेली आहे. खापर खरेच भाजलेले आहे का, हे क्ष-किरण विवर्तनाने कळते. केओलिनाइटसारख्या मातीतल्या खनिजाची खूण सुमारे 550 अंश सेल्सिअसच्या वर पुसली जाते. ती खूण शाबूत असेल तर तुकडा आव्यात गेलेला नाही, तो घट्ट झालेला गाळ आहे. पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मुद्दाम मिसळलेली वाळू, भुसा किंवा खापराचा चुरा ओळखू येतो. गाळात चुना किंवा लोह जमून तयार होणारे गोळे बाहेरून वक्र आणि आतून पोकळ असतात, त्यामुळे ते हुबेहूब भांड्याच्या काठासारखे दिसतात. भोकांचेही तसेच आहे. समुद्रातले काही शिंपले दगड पोखरतात, किडे गाळात नळ्या करतात आणि त्या नळ्या कठीण झाल्या की मणी तयार. माणसाने पाडलेले भोक बहुधा दोन्ही बाजूंनी निमुळते असते आणि त्याच्या आत गोल फिरलेल्या ओरखड्यांच्या रेघा असतात.

गारगोटीच्या हत्यारांबाबत आखाताची स्वतःची एक अडचण आहे आणि ती फारशी चर्चेत आली नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, भरूचजवळ रतनपूरला अकीकाच्या खाणी आहेत. खंभात गावात अकीकाचे मणी घडवण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला आहे आणि आजही चालतो. अकीक तापवून मग ठोकून त्याच्या छिलक्या काढल्या जातात. या धंद्याचा कचरा आणि नदीने स्वतःच फोडलेल्या अकीकाच्या गोट्या, दोन्ही भरतीच्या पाण्याबरोबर आखातात फिरत असणार. पुराव्यातला छोटा, धारदार अकीकाचा तुकडा मध्याश्मयुगीन असू शकतो, अठराव्या शतकातल्या मणेराच्या हातचा असू शकतो किंवा कुणाच्याही हातचा नसू शकतो. आघाताचा फुगवटा, ठोकण्यासाठी तयार केलेला माथा आणि एका दिशेने ओळीत निघालेल्या छिलक्यांचे व्रण हे तिन्ही सोबत दिसले तरच त्याला हत्यार म्हणायचे. तेही सुट्या तुकड्यावरून म्हणायचे नाही. बरेच तुकडे एकाच पद्धतीचे निघावे लागतात.

शिवाय भरूच हे दोन हजार वर्षांहून जुने बंदर आहे. हडप्पाकालीन लोथलही याच आखाताजवळ. हजारो वर्षे इथून गलबते गेली, फुटली, बुडाली आणि त्यांनी खापरे नि तोल राखण्याचे दगड तळावर सोडले. आखाताच्या तळाशी मानवी वस्तू सापडणे हे अगदी अपेक्षित आहे. खरे तर न सापडणेच चमत्कारिक ठरले असते.

म्हणून या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव आम्हाला सोनारात किंवा लाकडाच्या वयाच्या मोजणीत दिसत नाही. ती आहे बाहेरच्या नमुन्याची. चौकटी दिसलेल्या पट्ट्यात जितक्या ओढी काढल्या, तितक्याच ओढी त्याच खोलीवर, तसाच तळ असलेल्या पण एकही चौकट न दिसलेल्या जागी, पाच-दहा किलोमीटर दूर काढायच्या. सगळे सामान सारख्या पिशव्यांत, फक्त क्रमांक घालून, कोणती पिशवी कुठली हे न सांगता खापरतज्ज्ञाकडे आणि दगडी हत्यारांच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे. दोन्हीकडे तेवढीच 'खापरे', तेवढेच 'मणी' आणि तेवढीच 'हत्यारे' निघाली तर त्या वस्तूंचा चौकटींशी काही संबंध नाही. आतल्या बाजूला ठळकपणे जास्त निघाली तर मात्र मंत्र्यांनी पत्रकार बोलवण्यासारखे काहीतरी हाताशी लागले. या कामाचा खर्च मूळ मोहिमेच्या तुलनेत नगण्य ठरला असता. अशी जोडीने तपासणी करून मग घोषणा झाली नाही. घोषणा आधी झाली, आणि एकदा शहर जाहीर झाल्यावर शहर नसलेल्या जागी कोण ड्रेज ओढणार?

लाकडाचे वय

लाकडाचा तुकडा कार्बन-14 पद्धतीने वय मोजण्यासाठी दोन प्रयोगशाळांकडे गेला. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि लखनौची बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्था यांनी दिलेली वये एकमेकांपासून बरीच दूर असल्याचे चर्चेत आले. एकाच तुकड्याच्या दोन वयांत एवढा फरक! चांगल्या मोजणीत चूक साधारण शंभर वर्षांच्या आसपास असते.

असा फरक कशाने पडतो? आधुनिक कार्बनची भेसळ हे पहिले सुचणारे कारण, पण हिशेब करून पाहा. साडेनऊ हजार वर्षांच्या नमुन्यात 1 टक्का ताजा कार्बन मिसळला तर वय जेमतेम दीडशे वर्षांनी कमी दिसते. दीड हजार वर्षे खाली यायला 10 टक्क्यांच्या वर भेसळ लागेल, आणि आम्ल-अल्कलीने नीट धुतलेल्या लाकडात एवढी राहत नाही. दुसरी शक्यता कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजलेले कच्चे वय झाडांच्या वलयांशी ताडून दुरुस्त करण्याची. कार्बनचे कच्चे वय 8,500 आले तर प्रत्यक्ष वय सुमारे 9,500 असते. एक आकडा कच्चा आणि दुसरा दुरुस्त केलेला असला तर हजारभर वर्षांचा फरक कागदावरच तयार होतो. तिसरी शक्यता अशी की दोन्हीकडे गेलेले भाग मुळात एकाच लाकडाचे नव्हते. अशा वेळी सरासरी काढायची नसते आणि सोयीचा आकडाही निवडायचा नसतो. उरलेले लाकूड तिसऱ्या प्रयोगशाळेला द्यायचे असते. जाहीर झाला तो जुना आकडा.

आणि समजा, वय अचूक साडेनऊ हजार ठरले, तरी ते कशाचे वय? भारतात कार्बन-14 पद्धत रुजवणाऱ्यांपैकी एक असलेले डी. पी. अग्रवाल यांनी तेव्हाच हा मुद्दा मांडला होता. समुद्र चढताना किनाऱ्यालगतची जंगले बुडाली. जुने लाकूड सापडले म्हणजे जुनी संस्कृती सापडली असे नाही. कार्बनचे घड्याळ झाडाने ते वाढीचे वलय तयार केले तेव्हा सुरू होते. त्या लाकडावर कुऱ्हाडीची खूण, खोबणी किंवा खुंटी नसेल तर ते फक्त झाड आहे. वस्तीचे वय हवे असेल तर चुलीतले जळके धान्य, बिया, काडक्या अशा एका हंगामात वाढलेल्या गोष्टी मोजायच्या असतात, त्याही थरातून जागच्या जागी काढलेल्या.

खरी बुडालेली वस्ती कशी दिसते

तुलनेसाठी इस्रायलच्या कार्मेल किनाऱ्यालगतचे अतलित याम घ्यावे. 1984 मध्ये लक्षात आलेली ही नवाश्मयुगीन वस्ती 8 ते 12 मीटर खोलीवर आहे. तिचा काळ साधारण इ.स.पू. 6900 ते 6300, म्हणजे खंभातच्या लाकडाच्याच सुमाराचा. तिथे दगडी घरांचे पाये आहेत, चुली आहेत, दफने आहेत, धान्य आणि माशांची हाडे आहेत आणि दगडाने बांधलेली विहीर आहे. समुद्र जवळ आला तसे विहिरीचे पाणी खारट होत गेले आणि शेवटी तिच्यात कचरा टाकला जाऊ लागला, हेसुद्धा तिच्यातल्या भरावावरून सांगता येते. पाणी उथळ आणि स्वच्छ होते, ही नशिबाची गोष्ट. पण महत्त्वाचे हे की तिथला प्रत्येक पुरावा दुसऱ्याला धरून आहे. आणि साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती एक खेडे आहे, नऊ किलोमीटरचे नगर नव्हे.

घरातले उदाहरण द्वारकेचे. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सागरी पुरातत्त्वाचे केंद्र सुरू झाले आणि एस. आर. राव यांनी द्वारकेजवळ पाण्याखाली काम केले. रावांनी तिथल्या दगडी रचनांचा संबंध महाभारतातल्या द्वारकेशी जोडला. पुढे त्याच संस्थेतल्या संशोधकांनी जहाजांच्या दगडी नांगरांचे आकार, वजन आणि भोके तपासून, इतर बंदरांवरच्या नांगरांशी ताडून, त्यांतले बरेचसे ऐतिहासिक आणि मध्ययुगीन बंदराचे असल्याचे मत मांडले. ज्या संस्थेने दावा केला तिनेच तो कापला, आणि बातमीत ते फारसे आले नाही.

खंभातमध्ये दावा उलट्या दिशेने वाढत गेला. 'भौमितिक आकृत्या' हे निरीक्षण होते. 'हडप्पासदृश वस्ती' हा अर्थ होता. 'साडेनऊ हजार वर्षांचे शहर' हा दोन असंबद्ध गोष्टींचा गुणाकार होता. तिथून पुढे ग्रॅहॅम हॅनकॉक यांच्यासारख्या लेखकांनी ते हिमयुगातल्या हरवलेल्या प्रगत संस्कृतीचा पुरावा म्हणून जगभर नेले आणि समाजमाध्यमांत ते कृष्णाची द्वारका झाले, जणू दोन्ही जागा एकच आहेत. खंभातचे आखात आणि द्वारका यांच्यामध्ये अख्खे सौराष्ट्र आहे. पहिल्या पायरीवरच्या शास्त्रज्ञांना छद्मपुरातत्त्वाच्या खात्यात टाकणे बरोबर नाही. त्यांनी आपले काम शोधनिबंधांतून मांडले, म्हणूनच त्याची चिकित्सा करता आली. छद्म भाग सुरू होतो तो आक्षेप आल्यावर नवी मोजणी करण्याऐवजी 'प्रस्थापितांना हे पचत नाही' असे उत्तर दिले जाते तिथे.

आज कोणी हे काम पुन्हा हाती घेतले तर क्रम असा असावा. एका हंगामात भांगाच्या दिवसांत दोन काटकोनी दिशांनी, दोन वारंवारतांवर साइड-स्कॅन. सोबत खोलीसाठी मल्टीबीम आणि गाळाखाली पाहण्यासाठी सब-बॉटम प्रोफायलर. दोन्ही दिशांत टिकलेल्या चौकटींपैकी तीन-चार निवडून त्यांच्या 'भिंतीवर', 'आत' आणि बाहेर दूर व्हायब्रोकोअरने, म्हणजे कंपनाने गाळात नळी घुसवणाऱ्या यंत्राने, 3 ते 5 मीटरच्या नळ्या घ्यायच्या. भिंतीवरच्या नळीत सलग बेसॉल्ट लागला तर ती चौकट यादीतून गेली. गाळ लागला तर थर उलगडायचे. गोड्या पाण्याचा थर कुठे संपतो आणि फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्म कवचधारी समुद्री जीव कुठे सुरू होतात, ती बुडण्याची रेषा. तिच्या खाली कोळसा, फॉस्फेटचे वाढलेले प्रमाण किंवा छिलक्या अशा मानवी वावराच्या खुणा आहेत का, हे पाहायचे. अंधारात उघडलेल्या नळीतून वाळूचे ल्युमिनेसन्सने (वाळूवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे सांगणाऱ्या पद्धतीने) आणि बियांचे कार्बनने वय काढायचे. 2001 मध्ये वर आलेल्या वस्तूंवरही क्ष-किरण विवर्तन आणि पातळ छेद आज करता येतील. त्यासाठी आखातात उतरण्याचीही गरज नाही.